क्षेपणभूमीभोवतीच्या विहिरींसाठी भूजलाची मर्यादा कशी ठरवावी?

प्रश्न:
आमच्या क्षेपणभूमीभोवती (कचरा टाकण्याच्या जागेभोवती) बेसाल्ट खडकात सहा निरीक्षण विहिरी आहेत. अस्तर घातलेला नवा कप्पा सुरू होण्यापूर्वी दोन वर्षे, दर तीन महिन्यांनी एक याप्रमाणे, प्रत्येक विहिरीचे आठ नमुने घेतले आणि ‘सरासरी अधिक दोन प्रमाण विचलने’ (प्रमाण विचलन म्हणजे मोजमापे सरासरीभोवती किती पसरली आहेत त्याचे माप) या सूत्राने पाण्यातील पाच घटकांच्या मर्यादा ठरवल्या; त्या ओलांडल्यास गळतीचा संशय घ्यायचा. एका विहिरीत क्लोराइडची सरासरी प्रतिलिटर 62 मिलिग्रॅम आणि प्रमाण विचलन 14 असल्यामुळे मर्यादा 90 आली; या मे महिन्यात तेथे 97 आढळले. जवळजवळ प्रत्येक फेरीत कोणती ना कोणती मर्यादा ओलांडली जाते. गळती खरोखर आहे की सूत्रच चुकीचे आहे? आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातील 250 हीच मर्यादा धरावी, असे एका सहकाऱ्यांचे मत आहे.

उत्तर 1:
250 ही पिण्याच्या पाण्याची स्वीकार्य मर्यादा आहे. 62 वरून 200 पर्यंत क्लोराइड चढले तरी ती गप्प राहील, आणि तोवर झिरपा (कचऱ्यातून पाझरणारे दूषित पाणी) बराच पुढे गेलेला असेल. त्यामुळे ती येथे उपयोगाची नाही.

आपल्या सूत्राची अडचण वेगळी आहे. आठच नमुन्यांवरून काढलेली सरासरी आणि विचलन हे स्वतःच अंदाज असल्यामुळे, पाणी अजिबात बदललेले नसतानाही पुढचे एक मोजमाप आपली मर्यादा ओलांडण्याची शक्यता सुमारे 5 टक्के असते. सहा विहिरी आणि पाच घटक म्हणजे एका फेरीत तीस चाचण्या; त्या परस्परांपासून स्वतंत्र मानल्या, तर निदान एक खोटा इशारा मिळण्याची शक्यता 78 टक्क्यांच्या आसपास जाते. आपल्याला जे दिसते आहे, ते नेमके हेच असू शकते.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या 2009 च्या मार्गदर्शिकेत म्हणूनच संपूर्ण स्थळाचा वार्षिक खोटा इशारा 10 टक्क्यांच्या आत ठेवण्याचे लक्ष्य धरून, त्यावरून प्रत्येक चाचणीची मर्यादा काढली जाते. एका भावी मोजमापासाठी 1 टक्का जोखीम धरली, तर आठ नमुन्यांना गुणक 2 ऐवजी सुमारे 3.18 येतो आणि आपली मर्यादा 106 च्या पुढे जाते. मात्र नुसता गुणक वाढवत नेला, तर खरी गळतीही निसटेल. त्यावरचा उपाय म्हणजे फेरनमुना: पहिला नमुना मर्यादेपलीकडे गेल्यास काही आठवड्यांनी दुसरा घ्यायचा आणि दोन्ही पलीकडे असतील तरच ओलांडणे मानायचे. हा नियम निकाल हाती येण्यापूर्वी लेखी ठरलेला असावा.

उत्तर 2:
शिसे वगैरे घटकांचे बहुतेक निकाल प्रयोगशाळेच्या शोधमर्यादेखाली (मोजता येणाऱ्या किमान प्रमाणाखाली) असतील, तर तेथे निम्मी शोधमर्यादा भरून सरासरी काढू नये. तसे विचलन कृत्रिम असते. अशा वेळी पूर्वीच्या आठ मोजमापांतील सर्वांत मोठे मूल्यच मर्यादा धरता येते. बदल नसताना पुढचे मोजमाप त्यापलीकडे जाण्याची शक्यता 9 त 1, आणि फेरनमुनाही पलीकडे जाण्याची 45 त 1. एका फेरीत किती चाचण्या होतात ते पाहता यासाठी आठ नमुने अपुरेच वाटतात.

बेसाल्टमध्ये पाणी भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून वाहते. शेजारच्या दोन विहिरींचे पाणीही निराळे असू शकते, त्यामुळे प्रत्येक विहिरीची तुलना तिच्याच इतिहासाशी करणे योग्य. पण त्या जागी पूर्वी अस्तराविना कचरा टाकला जात होता का?

प्रश्नकर्ता:
होय, उत्तरेकडे जुना ढीग आहे आणि तिकडच्या दोन विहिरी त्यानंतर खोदल्या. 97 चे मोजमाप त्यांपैकीच एकीचे आहे.

उत्तर 2:
मग त्या दोन विहिरींचे आठ नमुने ‘स्वच्छ पार्श्वभूमी’ मानता येणार नाहीत; दूषित पाण्याचीच सरासरी काढल्याने मर्यादा उंच बसते. तेथे ओलांडण्यापेक्षा कल तपासावा: सर्व मोजमापे क्रमाने मांडून मान-केंडॉल चाचणी (मूल्ये काळानुसार सातत्याने वाढत वा घटत आहेत का हे पाहणारी संख्याशास्त्रीय चाचणी) करावी, आणि पावसाळ्यात पाणी विरळ होत असल्याने मेची तुलना मेशी करावी. उरलेल्या चार विहिरींना उत्तर 1 मधील पद्धत लागू पडेल. 97 चा फेरनमुना मात्र पाऊस सुरू होण्यापूर्वी अवश्य घ्यावा.