मदत हवी आहे: नॉर्वेजियन सामासिक शब्द तोडायचा कुठे आणि जोर द्यायचा कुठे?

प्रश्न: उच्चार ऑस्लोकडचा शिकतो आहे. ‘स्ताशून’ (स्टेशन) एकटा असला की जोर ‘शून’वर. मग ‘पुलितीस्ताशून’मध्ये (पोलीस ठाणे) तो कुठे जातो? पहिल्या अक्षरावर दिला तरी चूकच ठरतं. शिवाय ‘विंदूसकार्म’ (खिडकीची चौकट) तोडायचा कसा?

उत्तर १: मुख्य जोर पूर्वपदावर, आणि त्या पदात तो मुळात जिथे असतो तिथेच. ‘पुलिती’चा जोर ‘ती’वर, म्हणून समासातही ‘ती’वर. ‘शून’वर दुय्यम जोर उरतो, पण त्याचा ‘ऊ’ दीर्घच ठेवा. तो आखूड केला की शब्द ओळखू येत नाही. दोन्ही पदांवर सारखा जोर दिलात तर समास फुटतो. ‘लामेकोतेलेतर’ म्हणजे कोकराचे चॉप्स. तेच दोन शब्द म्हणून म्हटलं तर ‘लुळे पडलेले चॉप्स’!

मधला ‘स’ मागच्या पदाचा: विंदूस-कार्म. ‘विंदू-स्कार्म’ नाही. पूर्वपद स्वतःच समास असेल तर हा ‘स’ पुष्कळदा येतो. ‘वीनग्लास’मध्ये (वाइनचा ग्लास) तो नाही, पण पांढऱ्या वाइनच्या ग्लासाला ‘वीतवीन्सग्लास’. मोठा सांधा कुठे आहे ते हा ‘स’च सांगतो.

उत्तर २: लेखनातला एक फसवा प्रकार. ‘त्राफिक’ (रहदारी) लिहिताना शेवटी दोन ‘क’ असतात. त्याला ‘कॉर्क’ (बूच) जोडला की तीन व्हायला हवेत, पण दोनच लिहितात. ओळीच्या शेवटी शब्द तोडावा लागला तर तिसरा परत येतो: दोन मागे, एक पुढे. जोर अर्थात ‘फिक’वर.

प्रश्नकर्ता: आभार! जोर म्हणजे आवाज चढवायचा ना?

उत्तर १: ऑस्लोकडे तसं नाही. तिथे सूर दोन. पहिल्यात जोराचं अक्षर खालच्या पट्टीत, मग चढ. दुसऱ्यात वरून उतार, मग चढ. समासांत दुसरा पुष्कळ ऐकू येतो. बर्गनमध्ये चाल वेगळी, त्यामुळे तिथली ध्वनिफीत यात मिसळू नका.

उत्तर २: आपल्याला एक गोष्ट सोपी आहे. एकटा ‘त’ आपल्या ‘त’सारखा दंत्य, इंग्रजीच्या सवयीने ‘ट’ करू नका. पण र आणि त शेजारी आले की खरा ‘ट’, र आणि न मिळून ‘ण’ (‘बाण’ म्हणजे मूल), र आणि स मिळून ‘ष’. हा संधी पदांच्या सांध्यावरही होतो: ‘विंतर’ अधिक ‘ती’ (हिवाळी वेळ) म्हणजे ‘विंतटी’. त्यामुळे नुसतं ऐकून सांधा शोधू नका, आधी लिहिलेला शब्द बघा.