जे-१ मुलाखत: मालमत्तेच्या कागदांपेक्षा प्रशिक्षणाचा आराखडा

भाचीने जे-१ व्हिसाच्या, म्हणजे अमेरिकेत प्रशिक्षणासारख्या देवाणघेवाण कार्यक्रमासाठी मिळणाऱ्या व्हिसाच्या, मुलाखतीला घराची व ठेवींची कागदपत्रे न्यावीत का, असे आपण विचारले आहे. न्यायला हरकत नाही, पण खरी तयारी वेगळी आहे. वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वाणिज्य दूतावासात माझी मुलगी जाडजूड फाइल छातीशी धरून गेली होती. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याने त्यातले डीएस-२०१९ आणि डीएस-७००२ एवढेच मागून घेतले आणि ‘हे शिकून परत आल्यावर काय करणार?’ असे विचारले. डीएस-२०१९ म्हणजे प्रायोजक संस्थेने दिलेले पात्रतेचे प्रमाणपत्र, तर डीएस-७००२ म्हणजे प्रशिक्षणाचा टप्प्याटप्प्याने लिहिलेला आराखडा. तो भाचीला स्वतःच्या शब्दांत सांगता आला पाहिजे, हे मी अगदी कळकळीने सांगते. सेव्हिसचे, म्हणजे परदेशी विद्यार्थी व प्रशिक्षणार्थींची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी प्रणालीचे, २२० डॉलर व्हिसाशुल्काहून वेगळे असतात, ते मुलाखतीआधी भरून पावती जवळ ठेवावी. मोबाइल आत नेता येत नाही. व्हिसा हाती आल्यावर त्यावर २१२(ई) या कलमाचा शेरा आहे का, हे अवश्य पाहावे, कारण ते कलम लागू असल्यास, सूट मिळाल्याखेरीज, दोन वर्षे मायदेशी राहिल्याशिवाय एच-१बी हा नोकरीचा व्हिसा मिळत नाही. कार्यक्रम सुरू होण्याच्या ३० दिवसांहून आधी अमेरिकेत प्रवेश मिळत नसल्याने तिकीटही त्याच हिशेबाने काढावे.