जिन्यावर गायचं गाणं: आधी चाल की आधी पायऱ्या?

प्रश्न (पहिलीविंग):
संगीत नाटकातला प्रवेश आहे. नायिका गात गात 1.2 मीटर उंच चौथऱ्यावर चढते. एका जुन्या जिन्याचे फोटो काढून त्यावरून नेपथ्य आणि गाणं दोन्ही घडवायचं आहे. लय मिनिटाला 90 मात्रा, गाणं साधारण 2 मिनिटांचं. सुरुवात कुठून करावी?

नेपथ्यघर:
पायऱ्यांपासून. शब्द बदलता येतात, ठोकलेला जिना नाही. पायरीची उंची 150 मिमी घेतली तर 8 चढ, म्हणजे आठ वेळा पाऊल वर उचलणं, होतात. पायरीची रुंदी, म्हणजे पाऊल टेकायची पुढून मागची जागा, 300 ठेवा. उंचीची दुप्पट अधिक रुंदी 600 ते 640 मिमीच्या आसपास आली की पाय सहज पडतो, इथे बरोबर 600 येते. चढ 8 असले तरी पायऱ्या 7च, कारण आठवी म्हणजे चौथराच. त्यामुळे जिन्याची लांबी 2.1 मीटर होईल, 2.4 नाही. ही चूक फार होते.

दुसरी चूक जास्त धोक्याची. शेवटी पायऱ्यांवर 12 मिमीचा थर चढवतात आणि चौथरा तसाच सोडतात. मग पहिला चढ 162 होतो आणि शेवटचा 138. पहिल्या दोन पायऱ्यांत पायाला जी सवय लागते ती शेवटी मोडते, आणि गाणारी खाली बघत नसते. थर द्यायचाच तर चौथऱ्यालाही द्या आणि खालचा चढ तेवढा कमी धरा. प्लाय खिळ्यांनी न ठोकता स्क्रूने आवळा, खिळे सैल झाले की हळव्या ओळीत पायरी कुरकुरते.

लघुगुरू:
एका पायरीला 2 मात्रा दिल्या तर 8 चढांना 16 मात्रा. उदाहरणार्थ:

अंगण मागे, दारहि मागे

दोन्ही अर्ध्या ओळी 8-8 मात्रांच्या. पाऊल 1, 3, 5, 7 या मात्रांवर पडतं आणि तिथे दर वेळी नवं अक्षर सुरू होतं: अं, ग, मा, गे. ‘उभा’सारखा लघू-गुरू शब्द (आधी एका मात्रेचं, मग दोन मात्रांचं अक्षर) सुरुवातीला आला की तिसऱ्या मात्रेचं पाऊल ‘भा’च्या मधोमध पडतं आणि स्वराला हिसका बसतो. अडखळणं दाखवायचं असेल तेव्हा हेच मुद्दाम करा. 90 च्या लयीत 8 मात्रा म्हणजे सुमारे 5.3 सेकंद. चढताना एका श्वासात याहून लांब ओळ देऊ नये.

तिरपाउजेड:
फोटोंपुरतं. कॅमेरा पातळीत ठेवा, वर झुकवला तर उभ्या रेषा वरच्या बाजूला जवळ येतात आणि त्यावरून मापं काढता येत नाहीत. ट्रायपॉड, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 100, लेन्सचं छिद्र एफ 8. चढणारं माणूस हवं असेल तर शटर 1/8 सेकंद: कठडा स्पष्ट राहतो, हालचाल पुसट होते. समोरून सपाट उजेड असेल तर पायऱ्या एकमेकींत मिसळून जातात. बाजूने, खालच्या कोनातून आलेल्या उजेडातच त्यांच्या कडा वेगळ्या दिसतात. रंगमंचावरही तेच होतं, म्हणून विंगेतला एक दिवा खाली लावायला सांगा.

पहिलीविंग:
पण 16 मात्रा तर 11 सेकंदांतच संपतात. गाणं 2 मिनिटांचं आहे.

नेपथ्यघर:
सलग चढवू नका. चौथी पायरी 900 मिमी रुंद करा, जिन्याची लांबी 2.7 मीटर होईल. पहिला अंतरा जमिनीवर, धृपदाची पहिली अर्धी ओळ घेत 4 पायऱ्या, मग त्या रुंद पायरीवर उभं राहून दुसरा अंतरा. उरलेले 4 चढ शेवटच्या धृपदाला.

लघुगुरू:
एक जपा: ती रुंद पायरी ओलांडताना एक-दोन पावलं जास्त पडतात. तिथे शब्द नको. शेवटच्या धृपदाआधी 4 मात्रा वाद्यांना द्या, म्हणजे पाचव्या चढाचं पाऊल पुन्हा ओळीच्या पहिल्या मात्रेवर येईल.