आबांची दुनळी बंदूक: आहे कुठली आणि किंमत किती?

भुदरगडची_नात:
मंगळवार पेठेतल्या घरी परवा आबांचं तेरावं झालं. त्यांच्या कपाटात गोधडीत गुंडाळलेली बारा बोअरची दुनळी आहे. बाहेरून दोन घोडे (काडतूस उडवणारे खटके), दस्त्याला बारीक चीर, नळ्यांवर नागमोडी नक्षी. नळ्यांमधल्या पट्टीवर 'आर. बी. रोडा, कलकत्ता' कोरलंय. गारगोटीकडच्या शेतात रानडुकरं यायची म्हणून पणजोबांनी घेतली म्हणे. सोबत परवान्याचं पुस्तक आणि दर निवडणुकीला ठाण्यात जमा केल्याच्या पावत्यांची चळत. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आबा सोप्यात बसून ती पुसायचे, तेलाचा फडका धरायला मी. आई म्हणते विकून टाक. एका ओळखीच्यानं भंगाराचा भाव सांगितला, ते फार लागलं. मला ठेवता येईल का?

रंकाळा_काठ:
ताई, किमतीचं नंतर बघू. परवाना आबांचा होता, तुमचा नाही. शस्त्र कायदा 1959, कलम 21 प्रमाणे बंदूक आणि उरलेली काडतुसं जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे लगेच जमा करा, पावती घ्या. जमा केल्यानं वारसाचा हक्क जात नाही. मुदतीत आपल्या नावे परवाना काढून परत घेता येते, नाहीतर परवाना असलेल्याला विकता येते. मुदत उलटली तर मात्र सरकारजमा होऊ शकते. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात. 2016 च्या नियमांत वारसांसाठी वेगळी तरतूद आहे. बाकीच्या वारसांची संमती आत्ताच लिहून घ्या. आमच्याकडे चुलते गेल्यावर सहा महिने चालढकल झाली, पुढे जबाब देता देता जीव नकोसा झाला.

जुना_नेमबाज:
वरचं आधी करा. आता बंदुकीचं. रोडा हे कलकत्त्यातले विक्रेते. 1914 साली क्रांतिकारकांनी 50 माउजर पिस्तुलं पळवली ती याच कंपनीची. पट्टीवरचं नाव दुकानाचं असतं, अशा बऱ्याच बंदुका घडल्या बर्मिंगहॅमला. खरी कुंडली, म्हणजे नळ्या तपासल्याचे ठसे, नळ्यांच्या खालच्या, चपट्या बाजूला असते. विक्रेत्याला तुमच्यासमोर नळ्या उतरवायला सांगा आणि फोटो काढा. मुकुटाखाली फुलीसारखे एकमेकांवर आडवे राजदंड असतील तर 1904 च्या आधीची. पत्त्यातल्या चौकटच्या आकारात 12 आणि सी असेल तर 1887 नंतरची. 'नॉट फॉर बॉल' (एकसंध गोळीसाठी नाही) दिसलं तर 1875 ते 1887 मधली. मुकुटाखाली एन पी म्हणजे धूररहित दारूसाठी (आजच्या काडतुसांत असते ती) तपासलेली.

ती नक्षी दमास्कस नळीची. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून जोडतात. आजची काडतुसं त्यात कधीही घालू नका, नळी फुटून हात जातो. आणि कृपा करून पॉलिश पेपर लावू नका, नक्षी गेली की किंमतही गेली. परवान्यातला नंबर बंदुकीवरच्या नंबराशी जुळवा. चीर, नळ्यांतले खड्डे, घोड्यांची पकड दाखवून निदान दोन विक्रेत्यांकडून लेखी अंदाज घ्या. फोटोवरून आकडा सांगणाऱ्यावर विसंबू नका.

भुदरगडची_नात:
आज ठाण्यात कळवून विक्रेत्याकडे जमा केली, पावती आहे. नळ्या उतरवल्यावर राजदंड दिसले, चौकटीत 12 आणि सीही. एन पी कुठंच नाही. नंबर जुळला. आई तो आकडा बराच वेळ बोटानं चाचपत होती. वारसाचा अर्ज सोमवारी भरते, संमतीपत्रावर पहिली सही तिचीच झाली.