सॉफ्टवेअरमधून पगारपत्रक निघतं, पण ओळीत अंगठा मावत नाही. छपाई कशी जमवावी?

टाइमऑफिस_वणी

राजेहो, नमस्कार. मी वणी तालुक्यातल्या एका कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये टाइम ऑफिस, म्हणजे हजेरी-पगाराचं काम, सांभाळतो. सध्या सीझन आहे. कायम माणसं ३१, बाकी हंगामी, सगळी मिळून १८६. मागच्या दिवाळीला मालकांनी हजेरी-पगाराचं सॉफ्टवेअर घेतलं. हिशेब बरोबर करतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. भांडण कागदाशी आहे.

त्यातलं तयार पगारपत्रक ए-फोरवर आडवं निघतं, एका पानावर २८ नावं. ओळ इतकी बारीक की सहीच्या रकान्यात अंगठा मावत नाही. पगार बँकेत जातो, तरी पत्रकावर सही-अंगठा घ्यायचाच असा मालकांचा शिरस्ता. आमच्याकडे निम्म्याहून जास्त माणसं अंगठा देतात. गेल्या महिन्यात सरकी गोदामातल्या एका मावशीचा अंगठा वरच्या दोन ओळींवर पसरला, तर वरचा गडी अडून बसला, "माझ्या पैशावर हा कोणाचा अंगठा?" रेशनच्या मशीनवर अंगठा देऊन देऊन लोकं हुशार झाली आहेत, आणि त्याचं बरोबरच होतं.

दुसरं, नावं इंग्रजीत. सही करणाऱ्यांनाही वाचता येतं ते मराठीच. मुकादम नाव पुकारतो, बोट ठेवतो, तिथं सही.

तिसरं आमचे दिवाणजी. वय ७०. त्यांना प्रत्येक पानाखाली 'या पानाची बेरीज' आणि वर 'मागील पानावरून' पाहिजे. सॉफ्टवेअर शेवटी एकच बेरीज देतं, तिला ते बेरीजच मानत नाहीत.

मी काय केलं ते सांगतो, हसू नका. सॉफ्टवेअरमधून सीएसव्ही (नुसत्या मजकुराची, स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली फाइल) काढली, डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली. १२ आकडी यूएएनचं (पीएफच्या खातेदार नंबरचं) १.०१ई+११ झालं, टोकन नंबर ००४५ चा ४५ झाला. जुन्या कृतिदेव फॉन्टमधल्या यादीतून मराठी नावं आणायला नावावरून व्हीलुकअप (एका यादीतलं दुसरीत शोधून आणणारं सूत्र) लावला. आमच्याकडे मारोती नावाचे सात जण. त्यातल्या दोघांचं बापाचं नाव आणि आडनावही एकच. एकाची २,००० रुपयांची उचल दुसऱ्याच्या पगारातून कापलेली दिसली. छापायच्या आधी सापडलं म्हणून वाचलो.

सॉफ्टवेअरवाले म्हणतात नवा नमुना करून देऊ, पैसे वेगळे. मालक म्हणतात, "तू बी.कॉम. आहेस ना?"

पेरोलताई_बुटीबोरी

दादा, नावावरून काही जोडायचंच नाही. टोकन नंबर हीच ओळख. एक कायमची 'मास्टर' शीट करा: टोकन, मराठी नाव, विभाग. बस. कृतिदेवची नावं युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर फॉन्ट बदलला की इंग्रजी अक्षरांचा काला होतो. ऑनलाइन कन्व्हर्टर मिळतात, पण तिथं फक्त नावंच टाका, यूएएन आणि खाते नंबर अजिबात नको. रफार आणि जोडाक्षरं नंतर एकदा डोळ्यांखालून घाला.

सीएसव्ही डबल क्लिकनं उघडणं आजपासून बंद. कोरी एक्सेल उघडा, डेटा टॅबमध्ये 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही', मग 'ट्रान्सफॉर्म डेटा'. टोकन, यूएएन, खाते नंबर हे तिन्ही रकाने 'टेक्स्ट' करा. तिथं एक्सेल विचारतं, आधीचा बदल 'रिप्लेस' करू की नवी पायरी घालू? 'रिप्लेस' म्हणा. नवी पायरी घातली तर शून्यं आधीच गळालेली असतात, मागून टेक्स्ट करून परत येत नाहीत. माझा यात एक अख्खा शनिवार गेला होता.

मास्टरमधलं टोकनही टेक्स्टच ठेवा. एकीकडे मजकूर आणि दुसरीकडे आकडा असला तर दिसायला सारखं दिसतं, पण जुळत नाही. पुढच्या महिन्यात नवी फाइल त्याच नावानं त्याच फोल्डरमध्ये ठेवायची आणि रिफ्रेश.

दारव्हेकर

भाऊ, अंगठ्याचं मी सांगतो. आमच्या दालमिलमदी हेच झालतं. ओळीची उंची पॉइंटमदी असते, ७२ पॉइंट म्हंजे एक इंच. अर्धा इंच पाहिजे म्हंजे ३६. लीगल कागद घ्या, आडवा. अन् हो, वरचे मथळे हरेक पानावर यायले 'प्रिंट टायटल्स' लागते. ते पेज लेआउट टॅबमदूनच उघडा. प्रिंटच्या खिडकीतून गेलं तर तो रकाना फिका दिसते, काही भरता येत नाही. मले वाटलं एक्सेलच बिघडलं.

टाइमऑफिस_वणी

दारव्हेकरभाऊ, ३६ करून पाहिलं. कागदावर पट्टी लावली तर ओळ पाव इंचाच्या थोडी वर. काऊन?

दारव्हेकर

रुंदी एका पानात बसवायले 'फिट टू' लावलं असन. कितीवर आलं ते पाहा.

टाइमऑफिस_वणी

७० टक्के.

दारव्हेकर

मंग बरोबर. रुंदीसंगं उंचीबी आखडते. ३६ ले ०.७ नं भागा, ५१ ठेवा. कागदावर ३६ उतरते.

निवृत्त_वरिष्ठ_सहायक

आमची सगळी नोकरी पंचायत समितीच्या आस्थापना शाखेत गेली, त्यामुळे तुमच्या दिवाणजींची बाजू घेतो. पानाची बेरीज हवी याचं कारण असं की चूक निघाली तर ती कोणत्या पानावर आहे हे लगेच कळतं. १८६ नावांची एकच बेरीज चुकली तर १८६ नावं पुन्हा तपासा.

मात्र 'मागील पानावरून' सोडून द्या. ते हातानं लिहायच्या काळातलं. एका पानावर दुरुस्ती झाली की पुढची सगळी पानं बदलतात. त्याऐवजी शेवटी एक गोषवारा जोडा: विभाग, पान, माणसं, एकूण वेतन, भविष्य निर्वाह निधी, उचल, निव्वळ देय. पगारबिलाला आम्ही तसाच लावत असू. दिवाणजींना 'गोषवारा' हा शब्द सांगा, लगेच मान्य करतील.

पानाची बेरीज एक्सेलकडून अशी घ्या. विभागवार क्रम लावा. एका पानावर १२ नावं धरा. प्रत्येक विभागात १ पासून अनुक्रम द्या, त्याला १२ नं भागून राउंडअप करा (वरच्या पूर्ण आकड्याला न्या), म्हणजे पान क्रमांक मिळतो. तो विभागाच्या नावाला जोडून नवा रकाना करा, 'सरकी-१', 'सरकी-२' असा. मग डेटा टॅबमधलं 'सबटोटल' त्या रकान्यावर लावा आणि 'पेज ब्रेक बिटवीन ग्रुप्स' वर टिचकी द्या. दर १२ नावांखाली बेरीज आणि नवं पान. रिफ्रेश होणाऱ्या टेबलावर सबटोटलचं बटण चालत नाही, म्हणून वेगळ्या शीटवर नुसत्या किमती चिकटवून हे करा.

टाइमऑफिस_वणी

काका, 'गोषवारा' म्हटल्यावर दिवाणजींनी खुर्ची पुढं ओढली. काल रात्री छापलं. नुसत्या हिशेबानं १६ पानं व्हायची, विभाग बदलला की नवं पान म्हणून १८ झाली. एक्सेल 'सरकी-२ टोटल' लिहितं, तर म्हणाले हे टोटल कशाला, 'बेरीज' म्हणा. शोधा-बदला करून तेही दिलं.

मग त्यांनी कॅल्क्युलेटर काढला आणि प्रेसच्या पानावर एक रुपयाचा फरक काढला. आता?

पेरोलताई_बुटीबोरी

पैसे लपलेत दादा. ११,२३७ च्या १२ टक्क्यांचे १,३४८.४४ होतात. रकान्यात दशांश दाखवू नको म्हटलं तर दिसतात १,३४८, पण बेरजेत ते ४४ पैसे जातात. फक्त फॉर्मॅट बदलून भागणार नाही, प्रत्येकाच्या ओळीत 'राउंड' लावा आणि निव्वळ देय त्या पूर्ण रुपयावरून काढा. पीएफ तसाही जवळच्या पूर्ण रुपयालाच भरतात. बेरजेला राउंड लावू नका, माणसाला लावा.

टाइमऑफिस_वणी

जुळलं. दिवाणजींनी १८ पानं तपासून शेवटच्या पानावर बारीक सही ठोकली.

आज सकाळी पगारवाटप झालं. ती मावशी आली, तिनं आपल्या ओळीत अंगठा दिला, वरचा गडी मागं उभा राहून बघत होता. काही बोलला नाही. दोन मारोतींनी आपापलं टोकन दाखवून सही केली.

आता एकच. शाई पातळ कागदातून मागं उमटते, दोन्ही बाजूंनी छापलेलं वाचता येत नाही. सध्या एकाच बाजूनं छापतो. जरा जाड लीगल कागद वणीत कुठं मिळतो का, की चंद्रपूरलाच जावं लागेल?