हिरड्यांतून रक्त आणि बीपी: संबंध आहे का?

मिऱ्याकर: बाबा ५८ वर्षांचे, राहतात रत्नागिरीला. बीपीची गोळी अ‍ॅम्लोडिपीन ५ मिलिग्रॅम चालू, तरी बीपी १५०/९४. ब्रश लावला की हिरड्यांतून रक्त. रोज मिश्री लावतात. याचा बीपीशी काही संबंध?

दंतवैद्य_चिपळूण: आहे, पण हिरड्या बऱ्या झाल्या की गोळी सुटेल असं समजू नका. दात आणि हिरडीमधल्या फटीत जंतू साठून सूज कायम राहते. त्या सुजेतली रसायनं रक्तात उतरून वाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडवतात, मग वाहिन्या नीट सैलावत नाहीत. प्रत्येक दाताभोवतीची फट मोजून घ्या. ३ मिमीपर्यंत ठीक; ४ किंवा जास्त आणि वर रक्त, तर मुळांपर्यंत सफाई लागते, वरवरचं स्केलिंग पुरत नाही. तीनेक महिन्यांनी पुन्हा मोजायचं. सफाईला जाताना बीपीची सकाळची गोळी खाऊनच जा. बीपी १८०/११० च्या वर असेल तर सफाई पुढे ढकलतात.

औषधवाला: अ‍ॅम्लोडिपीननेच काहींच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात. तसं दिसलं तर फिजिशियन गोळी बदलून देतील, स्वतः बंद करू नका. आणि मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच हो! निकोटीन हिरडीतून थेट रक्तात जातं.

दंतवैद्य_चिपळूण: बरोबर. क्लोरहेक्सिडीनच्या (जंतुनाशक माउथवॉशच्या) गुळण्याही महिनोन्‌महिने नकोत. दात डागाळतात, शिवाय पालेभाजीतल्या नायट्रेटचं नायट्राइट करणारे जिभेवरचे उपयोगी जंतू मरतात. वाहिन्या सैल ठेवायला ते नायट्राइट लागतं.

मिऱ्याकर: मिठाच्या गुळण्या?

औषधवाला: चालतील, थुंकायच्याच आहेत. मीठ पोटात जातं ते सुक्या बांगड्यातून.