डेबियन १३ आलं, ३२-बिट पीसी गेला. बरोबर झालं का?

कर्नलप्रेमी (धागाकर्ता):
मंडळी, ९ ऑगस्ट २०२५ ला डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमची १३ वी आवृत्ती म्हणजेच ट्रिक्सी स्टेबल (सर्वांच्या वापरासाठी अधिकृत) झाली. ६९,८३० पॅकेजेस, त्यातली १४,१०० च्या वर नवीन, कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा ६.१२ (एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सपोर्टवाला), डेस्कटॉपसाठी ग्नोम ४८ आणि प्लाझ्मा ६.३, पॅकेजेस टाकायला एपीटी ३.० आणि ६४-बिट रिस्क-फाइव्ह या खुल्या डिझाइनच्या प्रोसेसरला पहिल्यांदाच अधिकृत सपोर्ट. हे सगळं तुम्ही वाचलं असेलच, त्यात शिरत नाही.

मला बोलायचंय आय३८६ बद्दल, म्हणजे डेबियनच्या ३२-बिट पीसीच्या आवृत्तीबद्दल. या रिलीजपासून ३२-बिट पीसीसाठी ना इन्स्टॉलर आहे ना कर्नल. आय३८६ ची पॅकेजेस रेपोमध्ये (डेबियनच्या सॉफ्टवेअरच्या साठ्यात) आहेत, पण ती फक्त ६४-बिट मशीनवर जुने प्रोग्रॅम चालवता यावेत म्हणून. रिलीज नोट्समध्ये सरळ सांगितलंय की आय३८६ सिस्टीम असेल तर ट्रिक्सीवर अपग्रेड करू नका. माझं स्पष्ट मत आहे की हे व्हायलाच हवं होतं, उलट उशीरच झाला. एएमडीचे ६४-बिट प्रोसेसर २००३ ला आले, दुसऱ्या लिनक्सवाल्यांत उबंटूने ३२-बिट डेस्कटॉप इमेज २०१७ ला बंद केल्या, फेडोराने ३२-बिट कर्नल २०१९ ला. आणि यात खरा मुद्दा सुरक्षेचा आहे. मेल्टडाउन, प्रोसेसरमधली ती मोठी सुरक्षा-त्रुटी, आठवतंय ना? जानेवारी २०१८ ला ते जाहीर झालं तेव्हा ६४-बिटसाठी फिक्स जवळजवळ लगेच आला, पण ३२-बिट एक्स८६ साठी तोच उपाय मेनलाइन म्हणजे मूळ लिनक्स कर्नलमध्ये यायला ४.१९ आवृत्ती उजाडली, म्हणजे ऑक्टोबर. तेवढे महिने ती मशीन्स उघडी होती आणि वापरणारे समजत होते की आपण अपडेटेड आहोत. सपोर्ट आहे असं म्हणायचं आणि तो असा द्यायचा, त्यापेक्षा नाही म्हणून सांगितलेलं शंभर पटीने बरं.

जुनंतेसोनं:
अजिबात पटलं नाही. डेबियन स्वतःला युनिव्हर्सल ऑपरेटिंग सिस्टीम म्हणवतं, बाकीच्यांनी सोडलं तेव्हा ज्यांना कुठेच जागा उरली नव्हती ते सगळे इथे आले ते याच शब्दावर विसंबून. माझ्याकडे अ‍ॅटम एन२७० चं नेटबुक आहे, प्रोसेसर ३२-बिटच, त्यावर ब्राउझर उघडतच नाही मी, पण स्विच आणि राउटरला सिरीयल कन्सोल लावायला, एसएसएच करायला (दूरच्या मशीनवर लॉगिन करायला), नुसतं लिहायला ते अजून एकदम ठणठणीत आहे. कीबोर्ड चांगला, डिस्क चांगली, मग ते भंगारात का टाकू? इकडे २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तर जो तो सांगतोय की जुनं मशीन फेकू नका, लिनक्स टाका, आणि नेमकं त्याच वर्षी आपण दार लावून घेतो, हे मनाला लागतं.

बिटमोजणी:
@जुनंतेसोनं विंडोज १० ची गल्लत इथे नको. विंडोज ११ ज्या मशीन्सना नाकारतंय त्यातल्या बहुतेक ६४-बिट आहेत, टीपीएम (सुरक्षेची चिप) नाही किंवा प्रोसेसर यादीत नाही म्हणून अडल्यात. त्यांच्यावर ट्रिक्सी मस्त चालेल.

दुसरं म्हणजे २०३८. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, युनिक्समध्ये वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजतात आणि तो आकडा ३२ बिटमध्ये ठेवला तर १९ जानेवारी २०३८ ला मावेनासा होतो, घड्याळ थेट डिसेंबर १९०१ ला जातं. ट्रिक्सीत बाकी सगळी आर्किटेक्चर्स (प्रोसेसरचे प्रकार) ६४-बिट टाइमवर गेली, अगदी ३२-बिट आर्मसुद्धा. एकट्या आय३८६ ला मुद्दाम वगळलं, कारण तिथे लोक जुने बंद-सोर्स बायनरी (ज्यांचा कोड मिळत नाही असे तयार प्रोग्रॅम) चालवतात आणि टाइमचा आकार बदलला की ते सगळे मोडणार. म्हणजे आय३८६ चं काम आता जुनं ते जसंच्या तसं चालवणं एवढंच. त्यावर अख्खी नवीन सिस्टीम उभी करण्यात अर्थ नाही.

जुनंतेसोनं:
@बिटमोजणी २०३८ चं कारण इथे लागूच होत नाही हो! ट्रिक्सीचा एलटीएस धरूनही सपोर्ट २०३० ला संपतो. आठ वर्षं आधी संपणाऱ्या रिलीजमधून कर्नल काढायला २०३८ चं नाव कशाला? आणि आर्मेलचं, म्हणजे जुन्या ३२-बिट आर्म प्रोसेसरच्या आवृत्तीचं, बघा. तेही बंद होतंय, इन्स्टॉलर नाही, पण निदान ट्रिक्सी हे शेवटचं रिलीज म्हणून दिलंय, रास्पबेरी पाय १ आणि झीरोसाठी कर्नल आहे, बुकवर्मवरून (डेबियन १२) अपग्रेड करता येतं. आय३८६ वाल्यांना असा एक निरोपाचा रिलीज का नाही? माझी मागणी एवढीच होती.

सर्व्हरसांभाळ:
३२-बिट जाऊ दे, प्रॉडक्शनवाल्यांनी (चालू सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी) टेम्पकडे, म्हणजे तात्पुरत्या फाइल्सच्या डिरेक्टरीकडे, लक्ष द्या. रूटखालची टेम्प डिरेक्टरी आता डिफॉल्टने टीएमपीएफएस आहे, म्हणजे डिस्कवर नाही, रॅममध्ये, आणि निम्म्या मेमरीपर्यंत वाढू शकते. अपग्रेड करून रीबूट केलं की जुन्या फाइल्स डिस्कवर असतात पण वरून नवीन माउंट बसल्यामुळे दिसत नाहीत. आमच्याकडे एक बॅकअप स्क्रिप्ट मोठे डंप आधी तिथेच बनवते, कमी रॅमच्या व्हीएमवर (व्हर्च्युअल मशीनवर) ती पहिल्याच रात्री झोपली असती. सिस्टमसीटीएल कमांडने टेम्प डॉट माउंट मास्क केलं (म्हणजे चालूच होऊ दिलं नाही) की जुनी वागणूक परत मिळते. नवीन इन्स्टॉलवर तर टेम्पमधल्या फाइल्स १० दिवसांनी आणि व्हार-टेम्पमधल्या ३० दिवसांनी आपोआप साफ होतात, हेही ध्यानात ठेवा. एरवी रिलीज दणकट वाटतंय.

कर्नलप्रेमी:
@जुनंतेसोनं आर्मेलचा मुद्दा बिनतोड आहे, निरोपाचा रिलीज देता आला असता तर मलाही आवडलं असतं. पण तो कुणी द्यायचा? हे सगळं स्वयंसेवकांच्या वेळेवर चालतं. तो वेळ रिस्क-फाइव्हवर गेला तर मला जास्त आनंद आहे, तिथे नवीन बोर्ड्स येतायत, माणसं येतायत. बुकवर्मचा एलटीएस जून २०२८ पर्यंत आहे, तुमचं नेटबुक तोवर तिथेच राहू द्या.

जुनंतेसोनं:
राहीलच. पण युनिव्हर्सल म्हणणं चालू ठेवायचं असेल तर ज्याच्याकडे दुसरं मशीन नाही त्याचा विचार आधी व्हायला हवा, यावर मी ठाम आहे. २०२८ नंतर नेटबीएसडी ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकेन, ते अजून आय३८६ सांभाळतायत.

नवशिका_टक्स:
एक विचारू का? माझ्या जुन्या लॅपटॉपवर ३२-बिट डेबियन ११ आहे, कुणीतरी टाकून दिलं होतं. मग माझंही संपलं का?

बिटमोजणी:
@नवशिका_टक्स आधी एलएससीपीयू कमांड चालवून बघ. ऑप-मोडच्या ओळीत ३२-बिटसोबत ६४-बिटही दिसलं तर प्रोसेसर ६४-बिट आहे, फक्त ओएस ३२-बिट टाकलेली आहे. असं पुष्कळ मशीन्सवर असतं. मग होम डिरेक्टरीचा बॅकअप घे आणि एएमडी६४ (६४-बिट पीसीसाठीचं) ट्रिक्सी कोरं इन्स्टॉल कर. चालू सिस्टीम ३२ वरून ६४ वर ओढत न्यायच्या भानगडीत पडू नकोस, करता येतं पण जोखीम आहे. आणि फक्त ३२-बिटच दिसलं तर ११ वरून १२ वर जा आणि तिथेच थांब.